१,८७,००० मैल झालेल्या पिकअपच्या गिअरबॉक्सचे ऑइल एकदाही बदललेले नाही. आता बदलावे का?

प्रश्न

नमस्कार. मी टेक्सासमध्ये, ऑस्टिनजवळ राहतो. माझ्याकडे २००८ सालची टोयोटा टकोमा पिकअप आहे. तिला चार लिटरचे व्ही६ इंजिन, फोर व्हील ड्राइव्ह आणि पाच गिअरचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स आहे. २०१४ मध्ये ९६,००० मैल झालेले असताना मी ती घेतली आणि आता काटा १,८७,००० वर आला आहे. इंजिन ऑइल, कूलंट, ब्रेक, डिफरन्शियलचे ऑइल हे सगळे मी वेळच्या वेळी करत आलो. पण गिअरबॉक्सच्या ऑइलला मी आजवर हात लावलेला नाही आणि आधीच्या मालकाने दिलेल्या पावत्यांमध्येही त्याचा उल्लेख सापडत नाही. म्हणजे कारखान्यात भरलेले ऑइलच आजही आत आहे असे धरून चालावे लागेल.

हे राहून गेले त्याचे कारण असे की या गिअरबॉक्सला डिपस्टिक नाही, त्यामुळे बॉनेट उघडल्यावर त्याची आठवणच होत नाही. शिवाय सर्वसाधारण वापरासाठी हे ऑइल किती मैलांनी बदलावे याचा आकडा कंपनीच्या देखभाल-पुस्तिकेत दिलेलाच नाही. ट्रेलर ओढणाऱ्यांनी किंवा जड सामान वाहणाऱ्यांनी मात्र दर ६०,००० मैलांनी ते बदलावे, असे त्याच पुस्तिकेत वेगळ्या चौकटीत लिहिले आहे आणि ती चौकट मी मागच्या महिन्यात पहिल्यांदा नीट वाचली. मी वर्षातून पाच-सहा वेळा ट्रेलर ओढतो. आमच्या मंडळाच्या गणेशोत्सवाचे मखर, ध्वनियंत्रणा, टेबले आणि खुर्च्या दरवर्षी याच गाडीने जातात, आणि तेही ऑगस्ट-सप्टेंबरच्या उन्हात.

गेल्या दोन महिन्यांपासून ताशी ४० ते ४५ मैल वेगाने, अॅक्सिलरेटर अगदी हलका दाबलेला असताना, गाडीला बारीक थरथर जाणवते. महामार्गाच्या कडेला झोपलेल्या चालकाला जागे करण्यासाठी ज्या खाचा कोरलेल्या असतात, त्यांवरून चाक गेल्यासारखी ती लागते, दोन-तीन सेकंद टिकते आणि पाय थोडा उचलला की थांबते. याखेरीज तक्रार नाही. गिअर वेळेवर पडतात, रिव्हर्सला उशीर होत नाही, धोक्याचा दिवाही लागलेला नाही.

दोन गॅरेजमध्ये विचारले, तर एकाने यंत्र लावून आजच सगळे ऑइल धुऊन काढू असे सांगितले आणि दुसऱ्याने, इतके मैल झाल्यावर ऑइल बदलले तर गिअरबॉक्स आठवड्याभरात बसेल, जुन्या ऑइलमधल्या गाळावरच क्लच धरून आहेत, असे बजावले. ही गाडी मला अजून निदान पाच वर्षे चालवायची आहे. कोणाचे ऐकावे?

उत्तर, डेट्रॉईटहून

मी गिअरबॉक्सच्या चाचणीविभागात बरीच वर्षे काम केले आहे, त्यामुळे आधी दुसऱ्या गॅरेजवाल्याच्या म्हणण्याचा विचार करतो, कारण ते पूर्णपणे निराधार नाही आणि तरीही त्यातून काढलेला निष्कर्ष चुकीचा आहे.

ऑटोमॅटिक गिअरबॉक्समध्ये ऑइलवर एकाच वेळी चार कामे सोपवलेली असतात. टॉर्क कन्व्हर्टरमधून, म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्स यांना ऑइलच्या प्रवाहाने जोडणाऱ्या भागातून, इंजिनाची शक्ती तेच पुढे नेते, गिअर बदलण्यासाठी ऑइलचा प्रवाह वळवणाऱ्या व्हॉल्व्ह बॉडीतला दाब तेच पोहोचवते, उष्णता तेच बाहेर काढते आणि क्लच प्लेटांमधले घर्षण किती असावे हेही त्यात मिसळलेली रसायनेच ठरवतात. या शेवटच्या कामासाठीची रसायने उष्णतेने हळूहळू संपत जातात. तापमान दर दहा अंश सेल्सिअसने वाढले की ऑइल खराब होण्याचा वेग साधारण दुप्पट होतो, असा एक जुना ठोकताळा आहे. टेक्सासच्या उन्हात ट्रेलर ओढणाऱ्या गाडीने ६०,००० मैलांचीच मर्यादा का पाळायची ते त्यावरून लक्षात यावे.

तुम्ही वर्णन केलेली थरथर मला टॉर्क कन्व्हर्टरच्या लॉकअप क्लचची वाटते. स्थिर वेगात इंधन वाचावे म्हणून हा क्लच कन्व्हर्टरचे दोन्ही भाग एकमेकांना जोडून टाकतो. घर्षण सुधारणारी रसायने संपली की जुळताना तो सहज सरकत नाही, क्षणभर पकडतो आणि क्षणभर सुटतो, आणि हीच पकड-सूट तुम्हाला खाचांवरून गेल्यासारखी जाणवते. ही तक्रार ताज्या ऑइलने पुष्कळदा कमी होते. ती तशीच चालू ठेवली, तर मात्र त्या क्लचचे अस्तर झिजत राहते आणि निघालेली भुकटी सगळ्या गिअरबॉक्सभर फिरते.

आता त्या गाळाविषयी. क्लचचे अस्तर खरोखरच संपलेले असेल, तर ऑइलमध्ये तरंगणाऱ्या भुकटीमुळे थोडी पकड वाढू शकते आणि ताजे ऑइल आल्यावर ती जाऊ शकते, हे खरे आहे. परंतु असा गिअरबॉक्स ऑइल बदलण्याआधीच मरणपंथाला लागलेला असतो. बहुतेक लोक ऑइल बदलायला नेमके तेव्हाच येतात जेव्हा गिअर घसरायला लागलेले असतात. त्यानंतर गिअरबॉक्स बसला की दोष ताज्या ऑइलला दिला जातो, आणि वेळेवर बदलून पुढे लाखभर मैल चाललेल्या गाडीची गोष्ट कोणी सांगत नाही. तुमच्या गाडीचे गिअर घसरत नाहीत, रिव्हर्स वेळेवर पडतो. मग थांबण्याचे कारण मला दिसत नाही.

यंत्राच्या बाबतीत मात्र मी सावध राहीन. गिअरबॉक्सच्या स्वतःच्या पंपानेच जुने ऑइल बाहेर टाकून तेवढेच नवे आत घेणारी यंत्रे निराळी आणि बाहेरून दाब देऊन किंवा धुण्याचे रसायन घालून आत प्रवाह सोडणारी यंत्रे निराळी. दुसऱ्या प्रकाराने अनेक वर्षे कोपऱ्यात बसलेला मळ सुटून व्हॉल्व्ह बॉडीच्या अरुंद वाटांमध्ये अडकण्याची भीती असते. इतक्या उशिराच्या गाडीला मी निचरा करून भरण्याचा साधा मार्गच निवडीन, आणि तोही टप्प्याटप्प्याने.

टप्प्यांचा हिशोब सांगतो. या गिअरबॉक्समध्ये कन्व्हर्टर आणि कूलरसकट सुमारे साडेदहा क्वॉर्ट (एक क्वॉर्ट म्हणजे जवळजवळ एक लिटर) ऑइल मावते आणि पॅन, म्हणजे तळाचे ऑइलचे ताट, काढल्यावर त्यातले साधारण साडेतीन क्वॉर्ट बाहेर येते, म्हणजे एका वेळी एक तृतीयांश बदलते. पहिल्या खेपेनंतर आतले ३३ टक्के ऑइल नवे असते, दुसऱ्यानंतर ५६ टक्के, तिसऱ्यानंतर ७० टक्के आणि चौथ्यानंतर ८० टक्के. पुढे फायदा घटत जातो, म्हणून तीन किंवा चार खेपांवर थांबावे. प्रत्येक दोन खेपांमध्ये हजारभर मैल गाडी चालू द्यावी.

उत्तर, फिनिक्सहून

वरील उत्तराशी मी सहमत आहे, परंतु ज्याचा गिअरबॉक्स खरोखरच बसला अशा माणसाचा अनुभवही इथे नोंदवला जावा असे मला वाटते. माझी पिकअप दुसऱ्या कंपनीची होती आणि तिचे २,१०,००० मैल झालेले होते. सकाळी पहिल्यांदा ड्राइव्हमध्ये घातल्यावर गाडी हलायला दोन-तीन सेकंद लागत आणि दुसऱ्यातून तिसऱ्या गिअरमध्ये जाताना इंजिनाचे फेरे क्षणभर उगाच वाढत. ऑइल काळे पडले होते आणि त्याला करपल्याचा वास होता. मी एका गॅरेजमध्ये यंत्राने सगळे ऑइल एकाच दिवशी बदलून घेतले. पाचशे मैलांच्या आत तिसरा गिअर पूर्णपणे गेला आणि गिअरबॉक्स उघडून नव्याने बांधायला मला साडेतीन हजार डॉलर मोजावे लागले.

गिअरबॉक्स उघडला तेव्हा क्लच प्लेटांचे अस्तर जागोजाग जळून आतला पोलाद दिसत होता. ते काही पाचशे मैलांत जळालेले नव्हते. बांधणी करणाऱ्या कारागिराने मला प्लेटा हातात देऊन दाखवल्या आणि मला जे कळायला हवे होते ते तेव्हा कळले: घसरण्याची लक्षणे दिसल्यावर ऑइलवर खर्च करण्यात अर्थ नव्हता, तो पैसा बांधणीसाठी बाजूला ठेवायला हवा होता. म्हणून माझी कळकळीची विनंती आहे की आपण आधी गाडी नीट तपासा. थंड असताना ड्राइव्ह आणि रिव्हर्स किती वेळात पडतात ते घड्याळ लावून बघा, चढावर जोर देऊन फेरे उगाच वाढतात का ते बघा, आणि पहिल्या निचऱ्यातले ऑइल पांढऱ्या कागदी रुमालावर टाकून बघा. डाग तपकिरी असला तरी एकसारखा पसरत असेल तर ते नुसते वय आहे. मध्यभागी काळे कण साचून राहिले आणि करपलेला वास आला, तर तिथेच थांबून विचार करा.

उत्तर, कोलोरॅडोहून

माझ्याकडे याच मालिकेतली २०१० ची टकोमा आहे आणि तिच्या आयसिन बनावटीच्या ए७५०एफ गिअरबॉक्सचे ऑइल मी स्वतः तीनदा बदलले आहे. का बदलावे ते वर आलेच आहे. मी कसे बदलावे तेवढेच लिहितो, कारण या गाडीत नुकसान होते ते बहुधा ऑइल बदलल्यामुळे नव्हे, तर पातळी चुकल्यामुळे.

सर्वांत आधी भरण्याचा प्लग उघडा. तो गिअरबॉक्सच्या बाजूला, प्रवाशाच्या अंगाला, सायलेन्सरच्या नळीजवळ असतो आणि त्याला २४ मिलिमीटरचा पाना लागतो. अनेक वर्षे न उघडल्यामुळे तो जाम झालेला असू शकतो. आधी निचरा केला आणि मग हा प्लग उघडलाच नाही, तर रिकामा गिअरबॉक्स घेऊन गाडी जागेवर अडकून पडते. तो सुटला की मगच खालच्या ड्रेन प्लगला हात लावा.

निघालेले सगळे ऑइल मापाच्या भांड्यात जमा करा, एक थेंबही सांडू देऊ नका, कारण जितके निघाले तितकेच प्रथम भरायचे आहे. ऑइल टोयोटाच्या ‘डब्ल्यूएस’ या प्रकारचे किंवा त्या मानकाचे म्हणून स्पष्ट लिहिलेलेच घ्या. जुन्या टोयोटांमध्ये चालणारे टाइप टी-४ यात चालत नाही. डब्ल्यूएस त्याहून पातळ आहे.

पहिल्या खेपेला पॅन जरूर काढा. आत चुंबक बसवलेले असतात आणि त्यांच्यावर काय जमले आहे ते पाहिल्याशिवाय गिअरबॉक्सच्या तब्येतीचा अंदाज येत नाही. करड्या रंगाचा, बोटावर लोण्यासारखा पसरणारा मऊ लेप असेल तर ती इतक्या मैलांची नेहमीची झीज आहे. नखाला टोचतील असे धातूचे कण किंवा चकाकणारे तुकडे दिसले, तर मात्र काम थांबवून जाणकाराला दाखवा. जाळीचा फिल्टर आणि गॅस्केट नवीन घाला. गॅस्केटवर सिलिकॉन लावू नका, त्याचे तुकडे सुटून आत जातात. पॅनचे बोल्ट फक्त ३९ इंच-पाउंड, म्हणजे ४.४ न्यूटन-मीटर इतकेच आवळायचे असतात. फूट-पाउंडाचा मोठा टॉर्क रेंच लावून ते तोडणारे लोक मी पाहिले आहेत. ड्रेन प्लग आणि पातळीचा प्लग २० न्यूटन-मीटर, भरण्याचा प्लग ३९ न्यूटन-मीटर.

आता पातळी. पॅनच्या तळाला ड्रेन प्लगखेरीज आणखी एक प्लग असतो, त्याला ५ मिलिमीटरची षट्कोनी किल्ली लागते. त्याच्या आत एक उभी नळी असते आणि ऑइल त्या नळीच्या तोंडापर्यंत असले की पातळी बरोबर. परंतु गरम झाल्यावर ऑइल फुगते, त्यामुळे ही तपासणी ४६ ते ५६ अंश सेल्सिअस, म्हणजे ११५ ते १३३ अंश फॅरनहाइटच्या दरम्यानच करायची असते. ऑइल त्याहून थंड असताना तपासले तर जास्त भरले जाते आणि फार गरम असताना तपासले तर फुगलेले ऑइल वाहून जाऊन गिअरबॉक्स उपाशी राहतो. मी ओबीडीच्या, म्हणजे गाडीतले दोष वाचण्यासाठी दिलेल्या जोडणीच्या, खाचेत स्कॅनर लावून तापमान वाचतो. गाडी चारही बाजूंनी सारख्या उंचीवर, समपातळीत हवी. नुसते पुढचे टोक उचलून केलेली तपासणी निरुपयोगी आहे. गाडीखाली शिरताना जॅक स्टँडशिवाय शिरू नका, नुसत्या जॅकवर विसंबू नका.

इंजिन चालू ठेवून, ब्रेक दाबून लिव्हर सगळ्या जागांवर सावकाश फिरवा, पुन्हा पार्कमध्ये आणा आणि तापमान ४६ च्या पुढे गेले की पातळीचा प्लग उघडा. धार पडली तर ती थेंबांवर येईपर्यंत थांबा आणि प्लग लावा. काहीच आले नाही तर बाजूच्या प्लगमधून हातपंपाने थोडे थोडे ऑइल घाला, थेंब पडू लागेपर्यंत. टेक्सासमध्ये हे काम रात्रभर उभ्या राहिलेल्या गाडीवर पहाटे करा, कारण दुपारी इंजिन सुरू केल्यावर तापमानाची ही खिडकी बघता बघता निघून जाते.

आणखी एक गोष्ट विचारलेली नाही, पण सांगणे भाग आहे. या गाड्यांमध्ये गिअरबॉक्सचे ऑइल रेडिएटरच्या पोटातल्या छोट्या कूलरमधून फिरते. तो आतून फुटला तर कूलंट आणि ऑइल एकमेकांत मिसळतात, ऑइल स्ट्रॉबेरीच्या मिल्कशेकसारखे गुलाबी दिसू लागते आणि कूलंटमधले ग्लायकॉल क्लच प्लेटांचे अस्तर चिकटवणारा थर सोडवते. २००५ ते २०१० च्या निसान फ्रंटियरमध्ये हा दोष इतका आढळला की कंपनीला रेडिएटरची वॉरंटी वाढवावी लागली. तुमची गाडी २००८ ची आहे. रेडिएटर मूळचाच असेल, तर मी या कामाबरोबर तोही बदलून टाकीन. गिअरबॉक्सच्या बांधणीपुढे त्याची किंमत फार कमी आहे.

उत्तर, पुण्याहून

इथे पिकअप कमी, परंतु प्रश्न तोच आहे. माझी ऑटोमॅटिक इनोव्हा क्रिस्टा १,४०,००० किलोमीटर चालली आहे, तिच्यातही हेच डब्ल्यूएस ऑइल आहे, आणि ‘हे आयुष्यभराचे ऑइल आहे, उघडूच नका’ असे मलाही दोन ठिकाणी ऐकवण्यात आले. घाटातून आणि दररोजच्या कोंडीतून चालणारी गाडी साधारण वापरात मोडत नाही, हे मी त्यांना पटवू शकलो नाही, म्हणून तिसरीकडे गेलो. तिथल्या मेकॅनिकने पातळी तपासताना तापमान मोजण्याचे साधन लावले, तेव्हा मी निश्चिंत झालो. अमेरिकेतल्या मित्राला एवढेच सांगेन की गॅरेजकडून करून घेणार असाल, तर ‘पातळी कोणत्या तापमानाला तपासता?’ हा एकच प्रश्न आधी विचारा. त्याचे उत्तर आकड्यात आले नाही तर गाडी परत घेऊन या.

मूळ प्रश्नकर्त्याचे उत्तर, साडेचार महिन्यांनी

आपण सगळ्यांनी इतक्या तपशिलाने लिहिलेत, त्याबद्दल मनापासून आभार. काय झाले ते सांगणे माझे कर्तव्य आहे.

आधी फिनिक्सच्या मित्राने सांगितल्याप्रमाणे चाचणी केली. थंड गाडीला ड्राइव्ह आणि रिव्हर्स दोन्ही सेकंदाच्या आत पडले आणि चढावर फेरे उगाच वाढले नाहीत. मग पहाटे साडेपाचला कामाला लागलो. भरण्याचा प्लग खरोखरच जाम होता. त्यावर गंजरोधक फवारा मारून रात्रभर ठेवला होता, तरी लांब दांड्याचा पाना घेतल्यावरच सुटला. तो आधी उघडण्याचा सल्ला मिळाला नसता तर माझी गाडी त्या दिवशी ओढून न्यावी लागली असती.

बाहेर आलेले ऑइल जवळजवळ काळे होते, हातात धरून उजेडात पाहिले तेव्हा त्यात तांबूस छटा दिसली. करपलेला वास नव्हता. मोजले तेव्हा पॅनसकट साडेतीन क्वॉर्टला थोडे कमी भरले. चुंबकांवर करड्या लेपाचा जाड थर होता, पण बोटांनी चोळून पाहिला तेव्हा एकही टोचणारा कण लागला नाही. त्या क्षणी मला किती हायसे वाटले ते लिहून सांगता येणार नाही. कागदी रुमालावरचा डाग गडद होता, परंतु काठापर्यंत एकसारखा पसरला.

पहिल्या खेपेनंतर थरथरीत फरक पडला नाही आणि मी थोडा खचलो. एक हजार मैलांनंतर दुसरी खेप केली, तेव्हा ती आठवड्यातून एखाद्या वेळेलाच जाणवू लागली. तिसरी खेप मागच्या महिन्यात झाली. या वेळी निघालेले ऑइल गडद लाल होते आणि आरपार दिसत होते. आता थंड सकाळी, पहिल्या दोन-तीन मैलांत कधीतरी अगदी पुसटशी थरथर येते, एकदा गाडी तापली की येत नाही. लॉकअप क्लचचे काही अस्तर तोपर्यंत झिजलेच असावे, असा मी अर्थ लावतो. चौथी खेप करून मी थांबणार आहे.

रेडिएटर मूळचाच होता, तोही बदलला. जुन्या रेडिएटरच्या वरच्या प्लास्टिकच्या टाकीला, नळी जोडते त्या तोंडाशी, केसाएवढी चीर गेलेली होती, ती काढून हातात घेतल्यावरच दिसली. निघालेले साडेदहा क्वॉर्ट जुने ऑइल जवळच्या सुट्या भागांच्या दुकानात नेऊन दिले, ते विनामूल्य घेतात. पुढचा बदल २,३५,००० मैलांवर करायचा, अशी चिठ्ठी आता बॉनेटच्या आतल्या बाजूला चिकटवली आहे.